कान एका डॉक्टरांकडे, डोळा दुसऱ्यांकडे: कवटीच्या तळाच्या गाठी लक्षणांवरून कशा ओळखायच्या

प्रश्न थोडक्यात असा: आईचं वय ५८. दीड वर्षापासून डाव्या कानाने कमी ऐकू येतं आणि त्याच कानात बारीक शिट्टीसारखा आवाज सतत असतो. वयाचा परिणाम म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. दोन महिन्यांपासून डावा गाल बधिर वाटतो. दंतवैद्यांनी दात-हिरड्या ठीक असल्याचं सांगितलं. आता कान-नाक-घसा तज्ज्ञांनी एमआरआय सांगितला आहे. ‘कवटीच्या तळाशी काही नाही ना, ते पाहून घेऊ’ असं म्हणाले. घरचे घाबरले आहेत. अशी गाठ लक्षणांवरून ओळखता येते का, आणि एमआरआय खरंच लागेल का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. हो, एमआरआय लागेल, आणि कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक करणारं, शिरेतून द्यायचं औषध) देऊन केलेला लागेल. नुसता एका कानाचा बहिरेपणा असता तरी मी हाच सल्ला दिला असता. इथे तर त्याच बाजूचा गालही बधिर आहे. ऐकण्याची नस आणि चेहऱ्याच्या संवेदनेची नस मेंदूच्या देठापाशी अगदी शेजारी-शेजारी असतात. दोन्ही एकाच बाजूला, एकीमागून एक बिघडल्या, तर तो योगायोग आहे असं धरून चालता येत नाही. मात्र घाबरून झोप उडवू नका. तपासणीत काहीच न निघण्याची शक्यता आहे, आणि निघालं तरी त्या जागेच्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे. गाठ आहे की नाही हे नुसत्या लक्षणांवरून कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. पण कोणत्या तक्रारीनंतर तिकडे बघायलाच हवं, हे लक्षणं फार स्पष्ट सांगतात. ती तशी वाचली जात नाहीत, याचं कारण ती वेगवेगळ्या दवाखान्यांत विखुरलेली असतात. कान कानाच्या डॉक्टरांकडे, डोळा नेत्रतज्ज्ञांकडे, गाल दंतवैद्यांकडे, पाळीची तक्रार स्त्रीरोगतज्ज्ञांकडे. प्रत्येकाच्या कागदावर एकच ओळ असते आणि प्रत्येक ओळीला एक साधं कारण सापडतं. या सगळ्या खोल्यांतून फिरलेला माणूस एकच असतो, तो म्हणजे रुग्ण. म्हणूनच हे सगळं रुग्णाला आणि घरच्यांना माहीत असावं, असं मला फार वाटतं.

मेंदू ज्या हाडावर टेकलेला असतो, तो कवटीचा तळ. नाकाच्या छतापासून तो सुरू होतो, डोळ्यांच्या खोबणींच्या मागून, दोन्ही कानांच्या हाडांमधून मानेच्या पहिल्या मणक्यापर्यंत जातो. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या याच हाडातल्या ठरावीक भोकांतून बाहेर पडतात: वासाच्या, दृष्टीच्या, डोळे फिरवण्याच्या, चेहऱ्याच्या, ऐकण्याच्या, गिळण्याच्या, जिभेच्या. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या रोहिण्याही इथूनच आत येतात, आणि पिट्युटरी म्हणजे पीयूषिका ग्रंथी याच हाडाच्या मधल्या खळग्यात बसलेली असते. जागा इतकी तंग की मेंदूत दुसरीकडे एवढीशी गाठ वर्षानुवर्षं गप्प राहिली असती, ती इथे एखादी नस दाबून बोलायला लागते. आणि कोणती नस दाबली गेली यावरून जागा कळते.

तक्रार एकाच बाजूची आहे, ती हळूहळू वाढते आहे, आणि कालांतराने तिच्या शेजारच्या नसेची तक्रार तिला येऊन मिळते आहे, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की माझा संशय बळावतो. वय, ताण, थकवा, जीवनसत्त्वांची कमतरता यांनी बहुधा दोन्ही बाजू बिघडतात. विषाणूचा संसर्ग किंवा रक्तपुरवठ्याचा बिघाड बहुधा अचानक येतो. गाठ सहसा एका बाजूने आणि सावकाश येते.

आता कानापासून सुरुवात करतो, कारण तुमचा प्रश्न तिथला आहे आणि सर्वांत जास्त वेळ तिथेच वाया जातो.

वयानुसार येणारा बहिरेपणा दोन्ही कानांत जवळपास सारखा असतो. एका कानाने कमी आणि दुसऱ्याने चांगलं ऐकू येत असेल, कानात मळ नाही, पडदा शाबूत आहे, जुना फुटका कान किंवा मोठ्या आवाजाची इजा झाल्याचा इतिहास नाही, तर ‘वय झालं’ हे कारण पुरत नाही. ऐकण्याच्या नसेला लागून असलेल्या तोलाच्या नसेच्या वेष्टनातून निघणारी गाठ, जिला श्वानोमा म्हणतात (जुन्या कागदांवर अकूस्टिक न्यूरोमा लिहिलेलं दिसेल), तिची सुरुवात बहुतेकदा अशीच होते. रुग्णाला ती कळते फोनवर. नेहमीच्या कानाला फोन लावला की समोरच्याचा आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. मग नकळत फोन दुसऱ्या कानाकडे जातो आणि तिथेच राहतो. विचारल्यावर कित्येकांना आठवतं की आपण फोनचा कान बदलला, कधी ते मात्र आठवत नाही. आवाज येतो पण शब्द उमगत नाहीत, ही नसेच्या बिघाडाची खूण आहे. म्हणून नुसत्या ‘बीप’ आवाजांचा ऑडिओग्राम करून थांबू नये, शब्द ओळखण्याची चाचणीही करून घ्यावी. ऑडिओग्राममधली घट बेताची आणि शब्द मात्र निम्मेही ओळखता येत नाहीत, असा निकाल आला तर एमआरआय करावाच.

कानात एकाच बाजूला सतत येणारा आवाज हीसुद्धा तपासायची गोष्ट आहे. तो आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल तर वेगळाच विचार करावा लागतो. मनगटाची नाडी धरून ताल जुळतो का ते बघा. असा ताल जुळणारा आवाज रक्तवाहिन्यांच्या इतर कारणांनीही येतो, पण ग्लोमस नावाच्या, रक्ताने भरलेल्या गाठीतही येतो. कधी पडद्यामागे लालसर फुगवटा दिसतो. त्याला दवाखान्यात सुई लावणं किंवा तुकडा काढणं टाळायलाच हवं, कारण रक्तस्राव आवरणं कठीण जातं. आधी सीटी आणि एमआरआय, मग पुढचं.

अनेकांना वाटतं की तोलाच्या नसेची गाठ म्हणजे गरगर फिरणारी चक्कर येणार. तसं क्वचितच होतं. गाठ इतकी सावकाश वाढते की मेंदू दुसऱ्या बाजूच्या आधाराने जुळवून घेतो. रुग्ण सांगतो ते असं: अंधारात चालताना भिंतीचा आधार घ्यावासा वाटतो, मान झटकन वळवली की क्षणभर पाय डगमगतात, खडबडीत वाटेवर विश्वास वाटत नाही. याला चक्कर म्हणावं की नाही हे त्यालाही ठरवता येत नाही, म्हणून तो डॉक्टरांना सांगतच नाही.

एका कानाचं ऐकू येणं अचानक, एका रात्रीत किंवा तीन दिवसांत गेलं, तर ती तातडीची बाब आहे. बहुतेक वेळा कारण गाठ नसतं, पण स्टेरॉइडचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाला तर त्याचा उपयोग होण्याची शक्यता जास्त असते, म्हणून थांबू नये. आणि ऐकू येणं परत आलं तरी एमआरआय करून घ्यावा, कारण श्वानोमाच्या काही रुग्णांत सुरुवात अशीच होते आणि उपचाराने तात्पुरतं सुधारतंही.

कानानंतर गाल. हार्वी कुशिंग या न्यूरोसर्जननी १९१७ साली या जागेच्या गाठींच्या लक्षणांचा क्रम मांडला होता: आधी कान, मग डोकेदुखी आणि तोल, मग शेजारच्या नसा, आणि शेवटी कवटीतला दाब वाढल्याच्या खुणा. त्या काळी रुग्ण पोचायचे ते शेवटच्या पायऱ्यांवर. आज पहिल्या पायरीवर निदान करता येतं, क्रम मात्र तोच आहे. गाल बधिर होणं ही शेजारची नस सामील झाल्याची खूण, आणि श्वानोमा असेल तर ती बहुधा दोन सेंटिमीटरच्या पुढे गेल्यावर दिसते. म्हणून तुमच्या आईंच्या बाबतीत मी ‘सहा महिन्यांनी बघू’ म्हणणार नाही. गाठ मेंदूच्या आवरणाची, म्हणजे मेनिंजिओमा असू शकते, किंवा खुद्द चेहऱ्याच्या नसेची. किंवा गाठ नसून नसेचा दुसरा आजार असू शकतो. हे चित्रातच कळेल.

बधिरपणाबद्दल थोडं अधिक. चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या नसेच्या, म्हणजे पाचव्या नसेच्या, तीन शाखा असतात: कपाळ-डोळा, गाल, आणि हनुवटी-जबडा. रुग्णाला डोळे मिटायला सांगून कापसाची वात दोन्ही बाजूंना आलटून पालटून लावली तर फरक घरीही कळतो. पण सर्वांत आधी कमी होते ती डोळ्याच्या बुबुळाची संवेदना, आणि ती डॉक्टरांनीच तपासायची असते. ज्या डोळ्यात कचरा गेलेला कळत नाही, तो डोळा लाल राहायला लागतो आणि त्याला जखम होऊ शकते, हे लक्षात ठेवा. एका बाजूच्या चेहऱ्यात विजेसारखी कळ येते, दात घासताना, जेवताना, वारा लागला तरी येते, यासाठी कित्येकांच्या निरोगी दाढा काढल्या जातात. अशी कळ बहुधा रक्तवाहिनी नसेला घासून येते. तरी रुग्ण तरुण असेल, किंवा कळांच्या मधल्या काळात त्या भागात बधिरपणा राहत असेल, तर एमआरआयशिवाय वर्षानुवर्षं नुसत्या गोळ्या घेऊ नयेत. कोणतंही दंतकारण नसताना फक्त हनुवटी आणि खालचा ओठ बधिर होणं ही गोष्ट छोटी वाटते, पण मी ती फार गंभीरपणे घेतो. शरीरात इतरत्र असलेला कर्करोग जबड्यात किंवा कवटीच्या तळाशी पसरल्याची ती पहिली खूण असू शकते.

तोंड वाकडं होण्याबद्दल लोकांना भीती जास्त आणि माहिती कमी असते. बेल्स पाल्सी नावाच्या साध्या प्रकारात कमजोरी दोन-तीन दिवसांत पूर्ण वाढते, आणि पुढच्या काही आठवड्यांत-महिन्यांत सुधारायला लागते. चेहऱ्याचा कमजोरपणा आठवड्यांमागून आठवडे वाढतच गेला, आधी डोळ्याभोवती किंवा ओठाला फडफड आणि मग कमजोरी असं झालं, त्याच बाजूला पुन्हा झालं, किंवा तीन महिन्यांनंतरही काहीच हालचाल परतली नाही, तर ती बेल्स पाल्सी धरून चालू नये. कवटीचा तळ आणि कानापुढची लाळग्रंथी दोन्ही बघायला हवेत. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो: श्वानोमा मोठी झाली तरी चेहऱ्याची हालचाल बराच काळ टिकते, कारण चेहरा हलवणारी नस ताण सोसते. म्हणून ‘तोंड वाकडं नाही, म्हणजे गाठ नाही’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. चेहऱ्यावरचा त्वचेचा कर्करोग पूर्वी काढलेला असेल आणि आता त्याच भागात मुंग्या किंवा कमजोरी आली असेल, तर तो इतिहास डॉक्टरांना आपणहून सांगा. तो नसेच्या वाटेने आत सरकू शकतो.

आता डोळे. इथे तीन वेगवेगळ्या गोष्टी घडतात आणि त्या एकमेकींत मिसळल्या जातात.

पहिली, कडेची नजर जाणं. पीयूषिका ग्रंथीच्या बरोबर वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेद देतात. ग्रंथीची गाठ वर वाढून तिथे टेकली की दोन्ही डोळ्यांची बाहेरची अर्धी बाजू विझायला लागते. समोरचं स्पष्ट दिसत असतं, अक्षरांचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येतो, चष्म्याचा नंबरही ठीक असतो. पण खांदा दाराच्या चौकटीला आपटतो, बाजूने आलेला माणूस ‘एकदम समोर उगवला’ असं वाटतं, गाडी चालवताना कडेची वाहनं उशिरा दिसतात. हे तपासायला यंत्र लागत नाही. रुग्णासमोर हातभर अंतरावर, डोळ्यांच्या समान उंचीवर बसा. त्याला एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायला सांगा आणि तुम्ही त्याच्या समोरचा तुमचा डोळा मिटा. त्याने तुमच्या नाकाकडेच बघायचं. आता तुमचं बोट हलवत बाहेरून मध्याकडे आणा, वरच्या कोपऱ्यातून आणि खालच्या कोपऱ्यातून वेगवेगळं. तुम्हाला बोट दिसलं आणि त्याला बरंच उशिरा दिसलं, तर त्या दिशेची नजर कमी आहे. पीयूषिकेची गाठ खालून दाबते, म्हणून वरचे बाहेरचे कोपरे आधी जातात. वरून खाली येणाऱ्या क्रेनिओफॅरिंजिओमासारख्या गाठीत खालचे कोपरे आधी जाऊ शकतात. घरी फरक वाटला तर नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टिक्षेत्राची चाचणी, म्हणजे पेरिमेट्री करून घ्या. घरी फरक वाटला नाही, म्हणजे सगळं ठीक, असं मात्र नाही.

दुसरी, एका डोळ्याची नजर हळूहळू, न दुखता मंद होणं. रंग आधी फिके पडतात. एखादी लालभडक वस्तू एकेका डोळ्याने पाहा. एका डोळ्याला ती विटलेली, तपकिरी वाटली तर नसेचा प्रश्न असू शकतो. उतारवयात हे मोतीबिंदूवर ढकललं जातं. मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं, पडदा ठीक आहे, तरीही नजर अपेक्षेइतकी परतली नाही, तर तिथे थांबू नये, दृष्टीची नस आणि तिच्या मागचा भाग पाहायला हवा. गरोदरपणात एका डोळ्याची नजर कमी होत गेली तरीही तेच. मेनिंजिओमा त्या काळात वाढू शकते.

एक डोळा पुढे येणं हेही याच घरातलं. रोज आरशात पाहणाऱ्याला ते कळत नाही. मी रुग्णाला पाच-दहा वर्षांपूर्वीचे फोटो आणायला सांगतो आणि शेजारी ठेवून पाहतो. डोळ्याच्या बाहेरच्या हाडातून सावकाश वाढणाऱ्या मेनिंजिओमात फोटोंची रांग लावली की डोळा केव्हापासून सरकतो आहे ते दिसतं. थायरॉइडनेही डोळे पुढे येतात, कधी एकच येतो, म्हणून थायरॉइडची तपासणी आधी होते आणि व्हायला हवी. ती ठीक असेल तर स्कॅन.

तिसरी, एकाचे दोन दिसणं. दोन दिसायला लागल्यावर एक डोळा झाका, मग दुसरा झाका. कोणताही एक झाकल्यावर दोनाचं एक होत असेल, तर दोन डोळ्यांची दिशा जुळत नाही, म्हणजे प्रश्न डोळे फिरवणाऱ्या स्नायूंचा किंवा नसांचा आहे. एकाच डोळ्याने पाहतानाही दोन दिसत असतील, तर कारण बहुधा खुद्द डोळ्यातच असतं, मोतीबिंदू किंवा चष्म्याचा नंबर. दोन प्रतिमा आडव्या शेजारी, दूर पाहताना जास्त लांब, असं असेल तर सहावी, म्हणजे डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी नस. ही नस कवटीच्या तळाच्या मधल्या हाडावरून लांबचा प्रवास करते, आणि त्या हाडात उगवणाऱ्या कॉर्डोमासारख्या गाठी पहिल्यांदा अशाच बोलतात. मधुमेहातही अशी नस अचानक बंद पडते आणि साधारण तीन महिन्यांत परत येते. त्यामुळे मधुमेह असलेल्यांना ‘साखरेमुळे’ असं सांगितलं जातं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. तीन महिन्यांनी नस परतली नाही, किंवा मधेच पापणी पडायला लागली, कपाळ बधिर झालं, तर ते कारण सोडून द्यायला हवं. पापणी पडणं आणि बाहुली मोठी होणं एकदम घडलं तर तीन महिने सोडाच, तीन तासही थांबू नका. ती मेंदूतल्या रोहिणीच्या फुगवट्याची खूण असू शकते.

पीयूषिकेच्या गाठी नजरेखेरीज संप्रेरकांनीही (हार्मोन्सनीही) ओळखू येतात, आणि त्या सर्वांत जास्त काळ लपतात. स्त्रियांमध्ये पाळी बंद होणं आणि बाळंतपण नसताना स्तनांतून दुधासारखा स्राव येणं, हे प्रोलॅक्टिन वाढल्याचं लक्षण. ते काही औषधांनीही वाढतं, उलटीवर दिल्या जाणाऱ्या डॉमपेरिडोननेसुद्धा, म्हणून औषधांची यादी आधी तपासावी. पुरुषांमध्ये हीच गाठ इच्छा कमी होणं, थकवा, वंध्यत्व अशा रूपात येते. ते बोलायला संकोच वाटतो, म्हणून गाठ मोठी झाल्यावर सापडते. या गाठीला बहुधा ऑपरेशन लागतच नाही, कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी ती आकसते. वाढीचं संप्रेरक जास्त झालं तर अंगठी घट्ट होते, चपलेचा नंबर वाढतो, दातांत फटी पडतात, घोरणं आणि घाम वाढतो. बदल इतका सावकाश की घरच्यांनाही दिसत नाही, लांबून आलेल्या नातेवाइकाला पहिल्यांदा दिसतो. मुलांमध्ये उंची वाढायची थांबली, तहान-लघवी फार वाढली आणि डोकं दुखतं, असं त्रिकूट दिसलं तर बालरोगतज्ज्ञांकडे लगेच जा.

नाकाचं. वास जाणं हे सर्दीनंतर, विषाणूच्या तापानंतर, डोक्याला मार लागल्यावर फार सर्रास होतं आणि बहुधा दोन्ही नाकपुड्यांत होतं. कसलीही सर्दी नसताना हळूहळू वास गेला असेल, तर एकेक नाकपुडी बंद करून साबण किंवा कॉफीची पूड हुंगून पाहा. बाम किंवा अमोनियासारखी झणझणीत वस्तू वापरू नका. ती झणझण चेहऱ्याच्या नसेला कळते, वासाच्या नव्हे. कपाळामागच्या मेनिंजिओमात वास जातो, आणि पुढे स्वभाव बदलतो: उत्साही माणूस गप्प बसायला लागतो, कशातच लक्ष घालत नाही, आणि नैराश्य किंवा स्मृतिभ्रंश समजून उपचार सुरू होतात. याच जागेची गाठ एका डोळ्याची नस सुकवते आणि दुसऱ्या डोळ्यात सूज आणते, हे फॉस्टर केनेडी यांनी १९११ साली वर्णन केलं. इतकं पुढे जायची गरज आता राहिलेली नाही.

एकच नाकपुडी सतत बंद आणि तिच्यातून रक्ताळलेला शेंबूड, हे सायनस समजून अँटिबायोटिकचा कोर्स वारंवार घेण्याचं लक्षण नाही. एकदा दुर्बिणीने नाक बघून घ्या. वयात येणाऱ्या मुलाचा एकाच बाजूचा घोळणा वारंवार आणि जोरात फुटत असेल, तर अँजिओफायब्रोमा ही रक्ताने भरलेली गाठ असू शकते. तिचाही तुकडा स्कॅनआधी काढायचा नसतो. मोठ्या माणसाच्या एकाच कानात पडद्यामागे पाणी साचलं, मानेत न दुखणारी गाठ आली, तर नाकाच्या मागच्या भागातल्या कर्करोगाचा विचार व्हायलाच हवा. आणि पुढे वाकल्यावर एका नाकपुडीतून पाण्यासारखा नितळ, खारट थेंब टपकत असेल, तर ती सर्दी नसून मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो. तो स्वच्छ बाटलीत गोळा करून बीटा-टू ट्रान्सफेरिनची (या द्रवात सापडणाऱ्या प्रथिनाची) चाचणी करता येते. जोराने नाक शिंकरू नका, आणि ताप-मान आखडणं सुरू झालं तर थेट रुग्णालयात जा.

गळ्याकडच्या नसांबद्दल थोडक्यात. आवाज घोगरा होऊन राहणं, पाणी पिताना ठसका, प्यालेलं पाणी नाकातून येणं, एक खांदा उतरणं, आणि जीभ बाहेर काढल्यावर एका बाजूला वळणं. जीभ ज्या बाजूला वळते ती आजारी बाजू. जिभेची ती कड बारीक, सुरकुतलेली दिसायला लागली असेल तर नस बरेच दिवस दबलेली आहे. डोक्याच्या मागे एकाच बाजूला, मान वळवली की वाढणारं दुखणं आणि त्याच बाजूची जीभ कमजोर, हे दोन्ही एकत्र आलं तर, विशेषतः पूर्वी स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा कर्करोग झालेला असेल तर, तो फक्त मानेचा स्पाँडिलोसिस समजू नये.

आणि डोकेदुखी? लोक सर्वांत आधी तिला घाबरतात, आणि ती एकटी असेल तर सर्वांत कमी उपयोगाची. डोकेदुखीच्या बहुसंख्य रुग्णांत गाठ नसते. ती नव्याने सुरू होऊन वाढत गेली, पहाटे उलटीसह जाग आणते, खोकताना-वाकताना वाढते, किंवा वर सांगितलेल्या एखाद्या तक्रारीची जोड तिला असली, तर तिचं वजन वाढतं.

आता एमआरआयबद्दल. साधा सीटी ‘नॉर्मल’ आला म्हणून समाधान मानू नका. कानाच्या नळीतली लहान गाठ त्यात सुटते. सीटी हाड पाहायला उत्तम, नस पाहायला एमआरआय. चिठ्ठीवर नुसतं ‘एमआरआय ब्रेन’ न लिहिता ‘डावा बहिरेपणा, डावा गाल बधिर, आतल्या कानाची नळी आणि पाचवी नस पाहावी’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. त्या जागेची बारीक थरांची चित्रं मागितली तरच घेतली जातात, आणि रेडिओलॉजिस्टना कुठे बघायचं ते कळतं. कॉन्ट्रास्टआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) तपासून ठेवा, पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं कोणतंही यंत्र-धातू असेल तर आधीच सांगा. एमआरआयऐवजी बेरा (आवाज ऐकवून ऐकण्याच्या नसेतले संदेश मोजणारी) चाचणी पुरेल का, असं विचारलं जातं. एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठी तिच्यात सुटू शकतात.

गाठ निघाली तर पुढचा मार्ग तिच्या आकारावर, प्रकारावर, वयावर आणि उरलेल्या श्रवणशक्तीवर ठरतो. लहान श्वानोमा वर्षाला सरासरी एक-दोन मिलिमीटर वाढते, कित्येक वर्षानुवर्षं तशाच राहतात. त्यांच्यासाठी ठरावीक अंतराने स्कॅन हाच उपचार. काहींना गॅमा नाइफसारखं नेमकं रेडिएशन, काहींना ऑपरेशन. मेंदूच्या देठावर दाब असेल तर ऑपरेशनच बरं. निर्णय घेताना न्यूरोसर्जन आणि कान-नाक-घसा सर्जन एकत्र बसून बोलतात असं केंद्र निवडा, आणि दुसरं मत घ्यायला संकोचू नका. फक्त गाठ तिशीच्या आत निघाली किंवा दोन्ही बाजूंना निघाली, तर ती एनएफ-२ या आनुवंशिक आजाराचा भाग आहे का हे तपासून घरातल्यांचीही चौकशी करावी लागते.

अपॉइंटमेंटला जाताना एका कागदावर सगळ्या तक्रारी लिहा: काय, कोणती बाजू, साधारण कधीपासून, वाढते आहे का. दाताची, डोळ्याची, कानाची सगळी जुनी कागदपत्रं एकाच फाइलमध्ये लावा, जुने ऑडिओग्राम असतील तर तेही, आणि दोन-चार जुने फोटो. आईंना तीन प्रश्न विचारून त्यांची उत्तरंही लिहून ठेवा: फोन कोणत्या कानाला लावता, अंधारात तोल जातो का, पाणी पिताना ठसका लागतो का.

अचानक असह्य डोकेदुखीसोबत नजर जाणं, दोन दिसणं किंवा उलट्या. वाढत जाणारी गुंगी. गिळता न येणं किंवा श्वासाला त्रास. चालताना एकाच दिवसात वाढलेला झोल. यांपैकी काहीही झालं तर एमआरआयच्या तारखेची वाट न पाहता, त्याच वेळी न्यूरोसर्जरीची सोय असलेल्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. यातलं काही नसेल तर येत्या आठवड्या-दोन आठवड्यांतली तारीख चालेल. तोवर आईंच्या डाव्या डोळ्याची लाली रोज पाहा, आणि गाडी त्यांना चालवू देऊ नका.